बर्फवालीचा सन्मान

१२ एप्रिल, मंगळवार

व्यापारी मंडळातून फोन. "मालक आहेत का?" म्हटलं, बोलतेय. "नाही, म्हणजे ओयामादा-सान." मी ओयामादाच. "तसं नव्हे हो वहिनी — यजमान!" यजमान कॉम्प्रेसरखाली आडवे होऊन नट आवळत होते. हाक मारली तर आतून नुसता पाना वाजला. शेवटी निरोप मलाच सांगावा लागला — माझी निवड झाली आहे! 'झळाळत्या उद्योगिनी' सन्मान. मंडळाने यंदाच सुरू केला म्हणे.

बोलत होते खुद्द अध्यक्ष कुनिएदा. कुनिएदा मिठाईवाले. "तुमचं कर्तृत्व आम्ही कधीपासून पाहतोय!" पाहत असतील. सासरे गेल्यापासून बर्फाचा कारखाना मी चालवते. बंदरातली एकूण एक बोट माझा बर्फ घेऊन समुद्रात जाते. आणि या माणसाने आजवर मला 'तोमोहारुची बायको' यापलीकडे ओळखलेलं नाही.

तरी — बरं वाटलं. दिवसभर बरं वाटत होतं. कोणाला सांगणार, म्हणून इथे लिहिते.

तोमोहारु म्हणाला, "मग आता तुझ्याशी बोलायला आधी वेळ मागून घ्यायची का?" आणि हात न धुताच जेवायला बसला.

१८ एप्रिल

पहिली बैठक. आम्हा पाच जणींना इतरांच्या आधी यायला सांगितलं होतं. का, ते पोचल्यावर कळलं. चहा!

निवड समितीतले झाडून सगळे पुरुष ओळीने बसलेले. कुनिएदांची बायको फुमिए-सान एकटीच कप मांडत होती. आणि आम्ही लागलो की तिच्या मदतीला! कोणी सांगितलंसुद्धा नाही. हात आपसूक गेले. रित्सुको हातानाका — मासळीच्या लिलावात जिच्या आवाजाला भलेभले खलाशी दचकतात ती — किटली धरून माझ्या कानाशी आली. "सन्मान आपला, आणि चहाही आपणच वाटायचा? आपण मेल्यावर आलेल्यांचे जेवणाचे डबेही आपणच भरू बघ."

मग कुनिएदांचं भाषण. स्त्रियांनी मोकळेपणाने बोललं पाहिजे, या विषयावर ते इतकं मोकळेपणाने बोलले की आमची बोलायची वेळ संपली.

फुमिए-सानने तोंडातून एक शब्द काढला नाही. बाई कायम अशी. जणू भिंतीवरचं कॅलेंडर.

२६ एप्रिल

फोटो! मी कामाचे बूट घालून, बर्फाच्या लाद्या ओढायचा लोखंडी आकडा घेऊन तयार. फोटोवाला घाबरला. "वहिनी, जरा कोमल काहीतरी..." मग धक्क्यावर उभं केलं, मागे समुद्र, आणि हातात दिला किसलेल्या बर्फाचा वाडगा. वर स्ट्रॉबेरीचं सरबत!

माझ्या एका लादीखाली तो फोटोवाला कॅमेऱ्यासकट सपाट झाला असता. मी किसलेला बर्फ जन्मात विकलेला नाही.

"हसा." हसले. "दात न दाखवता." बरं!

रित्सुकोला मासळीऐवजी ट्युलिप दिले. तिने ते शेपटीला धरल्यासारखे उलटे धरले. तसाच फोटो आला आहे.

६ मे

प्रशिक्षण. विषय : हसतमुख नेतृत्व. शिकवणारे निवृत्त बँकवाले. त्यांच्या चेहऱ्यावरची माशीदेखील हसली नाही.

१३ मे, शुक्रवार

सन्मान झाला. आणि बरंच काही झालं. नीट लिहिते.

सभागृह भरलेलं. आमच्या खांद्यांवरून गुलाबी पट्टे. मानपत्रावर माझ्या नावाआधी 'तोमोहारु ओयामादा यांच्या सुविद्य पत्नी'. भेटवस्तू — एप्रन! त्यावर सोनेरी धाग्याने 'झळाळती उद्योगिनी'. रित्सुकोने सगळ्यांसमोर उलगडून पाहिला आणि म्हणाली, "यात झळाळायचं कुठे, ओट्यापाशी का?" मागच्या रांगा हसल्या, पुढच्या खोकल्या.

मला वाटलं, आता दोन शब्द बोलायला सांगतील. मी तयारी केली होती. खरंच केली होती, आरशासमोर! माईक गेला तोमोहारुकडे. "अशा कर्तबगार पत्नीला साथ देणं सोपं नसेल, नाही का?" तोमोहारु उठला, मान खाजवली, "म्हणजे... बर्फ थंड असतो," म्हणाला आणि बसला. टाळ्यांचा कडकडाट! माणसाच्या साधेपणाचं किती ते कौतुक!

मग कुनिएदा म्हणाले, "आणि आता आणखी एक गोड बातमी." पडद्यावर चित्र आलं. आमचाच धक्का, पण ओळखू येईना. कंदील, बाकं, भाजलेली कालवं खाणारी हसरी कुटुंबं. 'सागरी खाऊगल्ली'! जूनच्या सभेनंतर अध्यक्षांच्या सहीने नगरपालिकेकडे शिफारस जाणार. मी चित्रात माझा कारखाना शोधत होते. तिथे गाड्या लावायची जागा होती.

"आणि बर्फ?" मी बसल्या जागेवरून विचारलं. पट्टा घातलेलाच होता.

"शेजारच्या बंदरातून ट्रकने मागवू. आमच्या झळाळत्या उद्योगिनीलाही आता जरा विश्रांती नको का?"

सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. मीही वाजवल्या! हात आपसूक गेले. माझ्याच कारखान्याच्या मयताला मी टाळ्या वाजवून आले.

परतताना गाडीत तोमोहारु म्हणाला, "कुनिएदा तसा वाईट माणूस नाही गं." मी खिडकीची काच खाली केली.

१४ मे

एप्रनने फरशी पुसून पाहिली. पाणी टिपत नाही.

१७ मे

ठरवलं. जूनच्या सभेत अध्यक्षाची निवडणूक असते. दरवर्षी कुनिएदा एकटेच उभे राहतात आणि दरवर्षी आश्चर्यचकित होऊन निवडून येतात. यंदा मी उभी राहणार! सकाळीच मंडळाच्या कचेरीत गेले.

तिथली मुलगी फार गोड. इतकी गोड की वाईट बातमीही वाकून वाकून दिली. "ओयामादा बर्फाचे सभासद तोमोहारु-सान आहेत. उभं राहायचं किंवा मत द्यायचं तर त्यांनाच..."

मी सन्मानित उद्योगिनी आहे आणि उद्योग माझा नाही!

घरी येऊन विचारलं. तो कॉम्प्रेसरखालूनच बोलला. "बाबांनी माझ्या नावावर केला होता. नंतर कधी विषयच निघाला नाही."

"मग तू उभा राहा."

"मी? चार माणसांत मी काय बोलतो, ते तू ऐकलंस ना?"

ऐकलं होतं. बर्फ थंड असतो.

राग आला तो सही करून कारखाना चालवणाऱ्या स्वतःच्या हातांचा. त्यांना कधी प्रश्नच पडला नाही!

२० मे

सन्मानितांचा आभारमेळावा. (आभार आम्हीच मानायचे होते.) संपल्यावर मी, रित्सुको आणि फुमिए-सान मागे कप विसळत होतो. रित्सुको तावातावाने कुनिएदांचा उद्धार करत होती, त्यांच्याच बायकोसमोर. मी कोपर मारून थकले.

फुमिए-सान कप पुसता पुसता म्हणाली, "सभासद मीच आहे."

"कशाच्या?"

"मंडळाची. दुकान माझ्या वडिलांचं. लग्नात ह्यांना आम्ही घरात घेतलं. कुनिएदा हे आडनावही आमचंच."

घरजावई! रित्सुकोच्या हातून बशी निसटली. फुटली नाही, पण तिच्या हसण्याने फुटली असती.

"मग मत?" मी विचारलं.

"माझंच. बसलेल्या अध्यक्षाला पुन्हा उभं राहायला सभासदत्व लागत नाही, पण मतासाठी लागतं; म्हणून माझ्या वतीने ह्यांनी मत द्यावं, अशा कागदावर दरवर्षी सहीचा शिक्का मारून ह्यांच्या हातात देते."

"वाचताही नाही?"

"कशाला? हेच निवडून येतात." एवढं बोलून ती थांबली. नळ चालूच. "मिसुझु-सान, बर्फ ट्रकने यायचा म्हणजे पहाटेच्या बोटी त्यासाठी थांबतील का?"

"बोटी कशाला थांबतील? जिथे बर्फ तिथे जातील."

"खलाशी पण?"

"खलाशी बोटीतच असतात, फुमिए-सान."

"माझी मिठाई खलाशी खातात. एकेक जण डबे भरभरून नेतो. पर्यटक एक घेतात, तिचा फोटो काढतात आणि चौघांत वाटून खातात." तिने नळ बंद केला. "यंदा शिक्का माझ्याकडेच राहू दे."

कॅलेंडर भिंतीवरून खाली उतरलं!

२ जून

दोन आठवडे घरोघर फिरतोय. अर्ध्या बाजाराचं हेच. सार्वजनिक आंघोळघर म्हातारीच्या नावावर, जाळ्यांचं दुकान विधवा सुनेच्या, चपलांचं लेकीच्या. मत बायकांचं, कागद पुरुषांच्या खिशात. फुमिए-सान प्रत्येकीकडे डबा नेते, ओट्याशी बसते आणि एवढंच म्हणते, "यंदा स्वतः या."

उभी तीच राहणार. माझ्या जागी. मी तिचं भाषण लिहून देऊ का विचारलं. "नको. मला थोडंच बोलायचंय."

कुनिएदांना वाटतं, आम्ही स्नेहभोजन ठरवतोय. रस्त्यात भेटले तर म्हणाले, "भगिनींचा उत्साह बघा! हेच तर आम्हाला हवं होतं."

१४ जून, मंगळवार

सभा. बायका आल्या! आंघोळघराची म्हातारी काठी टेकत, चपलांवाली कडेवर पोर घेऊन. पुरुष उठून वाट करून द्यायला लागले. त्यांना वाटलं, वाढायला आल्यात. बायका बसल्या. बसूनच राहिल्या. किटली टेबलावर थंड होत गेली.

उमेदवारांची नावं विचारली. फुमिए-सान उभी राहिली. कुनिएदा पुटपुटले, "अगं, काय हवंय? मागे आहे बघ पुसायचा रुमाल." मग त्यांना कळलं. त्यांच्या चेहऱ्याची, खरं सांगायचं तर, मला दया आली. थोडीशी.

फुमिए-सान म्हणाली, "खाऊगल्ली देवळामागच्या मैदानात करा. तिथे सावली आहे. बर्फाला समुद्र लागतो." बसली. एवढंच भाषण!

गुप्त मतदान. तोमोहारुने आमची चिठ्ठी टाकली, मी त्याच्या खांद्यावर थाप मारली. फुमिए-सान निवडून आली — काठावर, पण आली! रित्सुको लिलावातल्यासारखी ओरडली. कुनिएदा उठले, बायकोला वाकून नमस्कार केला आणि तिनेही केला. मग दोघं एकाच छत्रीतून घरी गेले. काय बोलले असतील!

कारखाना राहिला. धक्का राहिला. मी रडले. तोमोहारुने रुमाल दिला, ग्रीसचा.

१५ जून

पहाटे लाद्या काढताना तोमोहारु म्हणाला, "मी काल कुनिएदाला मत दिलं."

मला वाटलं, मशीनच्या आवाजात चुकीचं ऐकलं. त्याने मशीन बंद केलं आणि पुन्हा सांगितलं.

म्हटलं, "मला विश्रांती मिळावी म्हणून? अरे, मी दमले नाहीये!"

"माहितेय," म्हणाला. "मी दमलोय."