शेडमधली धूळ

वाशीम, माघ वद्य तृतीया

प्रिय अंजना,

तुला जाऊन पाच महिने झाले. जगदेव शेठच्या कोंबड्यांच्या शेडवर लढाईमुळे काम वाढलंय, फौजेसाठी रोज अंडी जातात. आपल्या खोलीसमोर तू लावलेल्या वालाला शेंगा धरल्यात. तोडायला हात धजत नाही. तू अनसिंगला मायच्या मळ्यात पदर खोचून वांगी तोडत असशील, कोणाशी तरी मोठ्याने बोलत. तो आवाज फार आठवतो.

श्रावणात शेडचं टिन गळलं, कोंबड्यांखालचा भुसा भिजला आणि त्यावर निळसर बुरशी आली. तू दाताळ्याने तो उलथायचीस तेव्हा धुरासारखी धूळ उठायची. मग तुझी छाती घरघरायची, बाजेवर बसून श्वास ओढत राहायचीस. पोळ्याला मायकडे गेलीस, आठ दिवसांत बरी झालीस. परत आलीस, तिसऱ्या दिवशी पुन्हा तेच. दवाखान्यात डॉक्टरांनी तुला बाहेर बसवलं आणि मला म्हणाले, "त्या बुरशीची धूळ हिला सोसत नाही. इथं ठेवलीस तर हातची जाईल."

हे मी तुला सांगितलंच नाही. नुसतं म्हटलं, मायकडे राहा. तू म्हणालीस, "तुमाले टाकून नाई जात. तुमी चाला, तं मी चालतो." पण सासूच्या मळ्यात घरजावई म्हणून राबायची मला लाज वाटत होती. म्हणून त्या सकाळी सगळ्यांसमोर ओरडलो, "तू मले नको आता. जाय!" तू गाठोडं उचललंस आणि चालू लागलीस. गाडी सुटेपर्यंत मी मोटारस्टँडवरच्या लिंबाआड उभा होतो.

तुझ्या जागी शेडवर कामाला पंचफुला आली. गेल्या आठवड्यात तीही तशीच घरघरू लागली. तिच्या नवऱ्याने दुसऱ्याच दिवशी तिचा हात धरला आणि दोघं गावी निघून गेली. कोणी काही म्हणेल, याचा त्याने विचारही केला नाही. मी दारात उभा राहून त्यांच्याकडे बघत राहिलो.

काल मीही काम सोडलं. अंजना, ते बोलणं खोटं होतं; तू मला नकोशी एक दिवससुद्धा झाली नाहीस. रविवारच्या गाडीने येतो. मायला सांग, जावई म्हणून नको, मोट हाकायला गडी लागत असेल तर ठेवा. तू माझ्याशी बोलली नाहीस तरी चालेल. तुझा श्वास मोकळा चाललेला एकदा जवळून ऐकायचा आहे.

तुझाच, अजूनही,
शालिकराम