टब रिकामा करता येत नाही

हेइनाकांगास,
ता. २ नोव्हेंबर १९९६

चि. इर्या हिस ताईचे अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र पोचलं. अक्षर इतकं बारीक की भिंग घेऊन वाचलं. उत्तराला उशीर झाला असेल तर दोष तुझा.

तौनोने उन्हाळ्यात अंगणात बांधलेला लाकडी टब थंडीला तयार झाला. तयार मी केला, तो खिडकीतून सूचना देत होता. भट्टीची बाजू सोडून भोवती गवताच्या पेंढ्या आवळल्या, वर ताडपत्री बांधली, जाड झाकण बसवलं आणि काठोकाठ पाणी भरलं. ते आता गोठू द्यायचं नाही. गोठलं तर टबातली लोखंडी भट्टी फुटेल आणि फळ्या उकलतील. म्हणून दिवसातून सहा वेळा लाकडं घालायची. तौनोचे गुडघे पार गेलेत, दारापुढच्या तीन पायऱ्याही उतरवत नाहीत म्हणतो. शनिवारी मी धरून नेते, अर्धा तास गरम पाण्यात बसतो. तेवढाच त्याला आराम.

गायी विकल्या तेव्हा वाटलं होतं, सुटले एकदाची. धारांपायी तीस वर्षं एक दिवस कुठे गेले नाही. गायी गेल्या आणि हा टब आला. गाय निदान दूध तरी द्यायची.

मोतीबिंदूच्या ऑपरेशनची नवी तारीख आली, १० डिसेंबर. मागच्या खेपेला त्याचा गुडघा आडवा आला होता. या खेपेला काय होतं बघू.

तुझी,
आउनेताई


ओउलू,
ता. १० नोव्हेंबर

ती. ताईस इर्याचा सा. न. वि. वि.

तुझ्या ओळी उजवीकडे अशा घसरतात की शेवटचे शब्द तू बहुधा टेबलावरच लिहिलेस. हसू येतं, पण तारखेचं हसण्यावारी नेऊ नकोस. ही तारीख चुकली तर पुढची वर्षभराने, आणि तोवर दुसरा डोळाही जाईल असं डॉक्टरांनी तुला बजावलं होतं ना? दवाखाना माझ्या घरापासून दोन गल्ल्या दूर. दहा-बारा दिवस माझ्याकडे राहा.

टबातलं पाणी सोडून का देत नाहीस? भाऊजींनाही पत्रात हेच विचारते आहे.

तुझी लाडकी (दुसरी कोण आहे म्हणा),
इर्या


हेइनाकांगास,
ता. १७ नोव्हेंबर

चि. इर्यास तौनोचे आशीर्वाद.

शहरात राहून लाकडाची अक्कल येत नाही. टब वसंतापर्यंत रिकामा करता येत नाही. पाणी काढलं की फळ्या सुकतात, फटी पडतात, मग तो टब राहत नाही, चाळण होते. मी स्वतः बांधला आहे, मला माहीत. डोळा काही पळून जात नाही. आउने नसली तर मला कॉफी कोण देणार, हेही एकदा लिहून कळव.

तौनो


हेइनाकांगास,
ता. २१ नोव्हेंबर

चि. इर्यास आशीर्वाद.

त्याने तुला काय लिहिलं ते कळलं, पाकीट मीच चिकटवलं. रागावू नकोस. टबातलं त्यालाच कळतं, मला कुठे काय माहीत.

उणे अठरा आहे. बस सोमवारी आणि गुरुवारी फाटकाशी थांबते. तिचा आकडा मला दिसत नाही, नुसता आवाज ऐकते आणि लाकडं घालायला जाते. काल चाचपडत भट्टीचं दार उघडताना मनगट भाजलं. शेजारी मुलाकडे गेलेत, सांगू कुणाला? इर्या, मला फार कोंडल्यासारखं होतं. दवाखान्यात नाही म्हणून कळव.

आउनेताई


ओउलू,
ता. २८ नोव्हेंबर

ती. ताईस सा. न. वि. वि.

कळवलं नाही, आणि कळवणारही नाही.

इथे केटोला म्हणून म्हातारे आहेत, चाळीस वर्षं लाकडी पिंपं आणि टब बांधतात. भाऊजींचं पत्र त्यांना वाचून दाखवलं. ते इतके हसले की चष्मा काढून पुसावा लागला. हिवाळ्यात टब सगळेच रिकामा करतात म्हणाले. तळाशी दोन घमेली बर्फ टाकायचा, वर झाकण लावायचं, फळ्या ओलसर राहतात. हे टब बांधणाऱ्या कुणालाही ठाऊक असतं, असंही म्हणाले. हे वाक्य दोनदा वाच, भिंग घेऊन.

बूच तळाशी आहे. पुढचं तू ठरव. खोली तयार आहे.

तुझी,
इर्या


ओउलू,
ता. १३ डिसेंबर

प्रिय तौनो,

हे पत्र मी भिंगाशिवाय लिहिते आहे. ओळी सरळ आल्यात की नाही बघ.

शनिवारी तुला टबातून काढून घरात बसवलं आणि भट्टी विझल्यावर बूच उपटलं. तू खिडकीशीच होतास. पण मला वाटलं तसं पाणी तळ्याकडे गेलं नाही, अंगणभर पसरलं आणि रविवारी दारापासून फाटकापर्यंत बर्फाची काच झाली. या डोळ्यांनी त्यावरून जायचं म्हणजे कंबर मोडून घ्यायची. माझ्याच हाताने मी स्वतःला कोंडून घेतलं, असं वाटून मी भरलेली पिशवी परत रिकामी केली.

सोमवारी सकाळी लाकडं घालायची नव्हती, तरी सवयीने दार उघडलं. पायरीपासून फाटकापर्यंत राखेचा पट्टा होता, बर्फावर पाय घसरू नये म्हणून टाकतात तसा. पांढऱ्यावर काळं, मलासुद्धा दिसलं. राखेची बादली फाटकापाशी पालथी होती. तू भिंतीकडे तोंड करून घोरत होतास. इतकी वर्षं तुझं घोरणं ऐकते आहे, खरं कुठलं ते मला कळतं.

मला रडू आलं. बसमध्ये बसल्यावर मग राग आला, तो अजून गेलेला नाही. तुला माझी भीती होती ना, की एकदा गेले की परत येणार नाही? तसं विचारायचं होतंस. टबाला कशाला पुढे केलंस?

मी सोमवारी, २३ तारखेला येते. कॉफी वरच्या फळीवर डावीकडे आहे. टब हवा असेल तर भर, दोघं बसू. पण सरपण तू आणायचंस. दारापासून फाटक चाळीस पावलं आहे, तौनो. लाकडांची चळत बारा.

लोभ आहेच. तो वाढवायचा का, ते आल्यावर बघू.

तुझी,
आउने