देवाच्या गालावरची आत्या

भोसरी, १८ नोव्हेंबर २०२४

ती. शालनआत्यांना साष्टांग नमस्कार, वि. वि.

चंपाषष्ठीला खंडोबाचा पितळी मुखवटा तीन वर्षांसाठी तुमच्या चाकणच्या धाकट्या जाऊबाईंकडे जाणार. देव्हारा रिकामा दिसला तर घास उतरणार नाही, असं तुम्ही म्हणालात, म्हणून हुबेहूब दुसरा करून देण्याचा शब्द मी दिला.

तुमच्या नातीने, प्राजक्ताने, काढून पाठवलेले मुखवट्याचे साठ फोटो मिळाले. आमच्या कारखान्यातला कॉम्प्युटर फोटो जुळवून वस्तूचा आकार काढतो, ती कशाची आहे तेही ठरवतो. त्यावरून मशीनने पहिला मुखवटा छापला, आणि देवाच्या उजव्या गालावर एक बाई काढली आहे. चष्मा, अंबाडा, उगारलेला हात. आमचे मालक रंगरावसाहेबांनी विचारलं, ही म्हाळसा की बाणाई? मी म्हणालो, आत्या.

मुखवटा घासला होतात का? चकाकीत दिसेल ते कॉम्प्युटर खरं धरतो. विचारल्याबद्दल राग नसावा.

आपला आज्ञाधारक,
खंडू

देहू, २१ नोव्हेंबर

चि. खंडूस अनेक आशीर्वाद.

घासला तर! फोटोला देव पारोसा बसवू? चिंच, मीठ, वरून राख. आणि हात उगारला नव्हता, प्राजक्ताला उजेड दाखवत होते. तुझ्या मशीनला देवापेक्षा मीच जास्त दिसले, त्याला मी काय करू?

धाकटीचा फोन आला होता, पिशवी केवढी आणू म्हणून. बत्तीस वर्षांत माझ्या पाया पडायला तिची कंबर वाकली न्हाई, पिशवी बरी सुचते. आता काय करू ते लवकर कळव. वेळेवर जेव.

तुझी आत्या

भोसरी, २५ नोव्हेंबर

ती. आत्यांना सा. न.

चकाकी मारायला आम्ही वस्तूवर पांढरी पावडर फवारतो. देवाला ती नको. भंडारा चाळून सगळीकडे सारखा लावावा, नाकपुड्यांतही. मग फोटो काढावेत. तुम्ही कृपया स्वयंपाकघरात थांबावं.

खंडू

भोसरी, ४ डिसेंबर

ती. आत्यांना सा. न.

आकार केसाइतकाही चुकला नाही. फक्त मुखवटा हळकुंडाचा आहे, असं कॉम्प्युटरचं ठाम मत पडलं. त्यामुळे पितळी रंग मी हाताने देऊन मुखवटा पाठवला आहे. सोबत पहिला, बिघडलेलाही ठेवला आहे, कारण तुमचं रूप भंगारात टाकायला मन झालं नाही. तो कुणाला दाखवू नये, ही विनंती.

खंडू

देहू, ८ डिसेंबर

चि. खंडूस उदंड आशीर्वाद.

काल धाकटी आली. मूळ देव मी पिशवीत बांधत होते, तेवढ्यात ती देव्हाऱ्यापुढे गेली. तिथे मी बिघडलेलाच मांडला होता, भंडारा जरा सढळ हाताने लावून. तिने पदर घेतला, गुडघे टेकले, चांगलं कपाळ लावलं. उजव्या गालाच्या बाजूनं.

मी आतूनच पुटपुटले, अखंड सौभाग्यवती भव.

तुझा चांगला मुखवटा आज मांडला. दोन घास जास्त गेले. बिघडलेला कपाटात जपून ठेवलाय, ती तीन वर्षांनी देव परत द्यायला येईल तेव्हा लागेल. माया असू दे.

तुझी,
गालावरची आत्या