चिंचेच्या बुंध्याजवळची जागा

पुणतांबा,
१२ फेब्रुवारी २०२३

ती. रेबेका आत्यास,
जस्टिनचा सा. सलाम वि. वि.

पोचल्या पोचल्या लिही म्हणाली होतीस. पोचून आज अकरा दिवस झाले. कागद पहिल्याच दिवशी घेतला, पेन चौथ्या दिवशी मिळालं, आणि मधले दिवस कुठं गेले ते मला विचारू नकोस, कारण मलाही माहीत नाही. फोनवर दोन मिनिटांत सांगून मोकळा झालो असतो. पण तुझा हुकूम, की चौकशीतलं काही फोनवर बोलायचं नाही आणि फाईलला कागद लागतो. पोलीस खातं सोडून तुला सात वर्षं झाली, खात्यानं तुला सोडलेलं दिसत नाही.

आमच्या बोअरच्या गाडीचा हॅमर एकशे ऐंशी फुटांवर अडकून बसलाय. मालक रोज नवीन मिस्त्री आणतो, मिस्त्री रोज आत वाकून बघतो आणि चहा पिऊन जातो. त्यामुळे मला वेळच वेळ आहे. काल गोदावरीच्या घाटावर एकाला दुसऱ्याच्या म्हशी धुताना बघत बसलो, तर दुपार झाली.

तुझं काम मी विसरलेलो नाही. नगरच्या केडगावात चिंचेखालची ती जागा, जिथं भाजीवाल्या बाया बसतात, ती जिच्या नावावर होती त्या भागूबाईनं १९६१ साली खरंच विकली का? आणि विकली नसेल तर नगरसेवक रविराजशेठच्या आजोबांच्या पेटीत तिचा अंगठा असलेलं खरेदीखत आलं कुठून? बरोबर ना? भागूबाईची लेक लंकाबाई इथंच राहते हे तू शोधलंस ते मात्र पक्कं निघालं. एक्क्याऐंशी वर्षांची आहे. आवाज असा, की आमच्या गाडीचा कॉम्प्रेसर लाजेल.

पण नगर म्हटलं की म्हातारीचं तोंड बंद. मी नगरहून आलो म्हटल्यावर म्हणाली, आलास तसा जा. मग माझ्याकडं बघून म्हणाली, आधी खा, लई वाळलायस. तिची नात माधुरी सांगत होती, की आजीनं बासष्ट वर्षांत नगरचं पाणी तोंडात घातलेलं नाही. डोळ्याच्या ऑपरेशनला नगरला नेली तेव्हा पुणतांब्याचं पाणी कॅनमध्ये भरून बरोबर घेतलं, आणि डॉक्टरांनी गोळी दिली तर ती कॅन येईपर्यंत हातात धरून बसली. का, ते विचारलं तर उठून गेली. तेव्हा चौकशी इथंच अडकली, आमच्या हॅमरसारखी.

बाकी जेवणाची चंगळ आहे. माधुरीची भाकरी म्हणजे पातळ, कडेपर्यंत सारखी. फक्त उचलायची तऱ्हा जगावेगळी. डावा अंगठा तळहातात दुमडून घेते, चारच बोटांवर भाकरी झेलते आणि उजव्या मनगटावरून तव्यात सोडते. मी म्हटलं, अंगठा काय गहाण ठेवलाय का? तर उलथनं दाखवलं. म्हणाली, आजीनं अशीच शिकवली. आजी म्हणाली, माझी आई अशीच टाकायची. माधुरीनं मग मलाही करायला लावलं. माझी भाकरी चुलीतच गेली, काढून बाहेर टाकली तर कुत्र्यानंही हुंगून सोडली.

कामाचं काही लिहिता आलं नाही, रागावू नकोस. माझ्यावरची माया कमी करायची असेल तर ती हॅमर निघाल्यावर कर.

तुझा,
जस्टिन


केडगाव, नगर,
१७ फेब्रुवारी २०२३

चि. जस्टिन यास,
रेबेका आत्याचे अ. आ.

कामाचं काही नाही म्हणून जे पत्र पाठवलंस ते मी चार वेळा वाचलं. चौथ्यांदा वाचताना चष्मा काढून पुसला. गाढवा, म्हशींवर एक परिच्छेद आणि भाकरीवर चार ओळी!

ऐक. त्या खरेदीखतावर नि. डा. हा. अं. असं लिहिलंय. म्हणजे निशाणी डाव्या हाताचा अंगठा. मी खात्यात एकोणीस वर्षं ठसेच बघितले. हा ठसा स्पष्ट आहे, पूर्ण आहे. माझी अडचण एवढीच होती, की अंगठा हातात आहे आणि ताडून बघायला बाई नाही. आता तू लिहितोस, की भागूबाई चार बोटांवर भाकरी उचलायची. माणूस अंगठा असताना अशी तऱ्हा कशाला शिकेल? आपल्या चर्चच्या महिला मंडळाचा १९५९ सालचा फोटो माझ्या टेबलावर दोन महिने पडून आहे. त्यात भागूबाईनं डावा हात पदराखाली घेतलाय. मी तो मर्यादेचा पदर समजत होते. माझ्यासारख्या बाईनं असं समजावं, हे कुणाला सांगू नकोस.

म्हातारीला एवढंच विचार, की आईच्या डाव्या अंगठ्याला काय झालं होतं आणि कोणत्या साली. दुसरं काही विचारू नकोस. मी इकडं मिशनच्या दवाखान्याची जुनी रजिस्टरं बघते. निवृत्त नर्स ग्रेसबाईंनी ती रद्दीत जाऊ दिली नाहीत, स्वतःच्या पलंगाखाली ठेवलीत.

जागेची सुनावणी १० मार्चला, साहेबांपुढं. रविराजशेठनं चौदा गाळ्यांचा नकाशा आधीच करून ठेवलाय आणि त्यातले नऊ घरातल्या घरात वाटूनही झालेत. बायांना जागा सोडायची नोटीस आली. मला मात्र निमंत्रण आलं. महिला दिनी, आठ तारखेला, वॉर्डातर्फे माझा सत्कार आहे, शाल, नारळ आणि ट्रॉफी. मी निरोप दिला, की शाल दहा तारखेनंतर द्या, तोवर उकडायला लागेल आणि तुम्हालाच ती परत न्यावी लागेल.

रेश्मा भाजीवाली रोज माझ्याकडं येऊन रडते आणि जाताना कोथिंबिरीची जुडी ठेवून जाते. जागेची तिला एवढी अडचण, टोपल्या एकीवर एक ठेवते, पण बुंध्याजवळची सावलीची जागा कुणी घेत नाही. ती भागूबाईची, असं तिच्या आजेसासूनं सांगितलेलं. सकाळी पहिली जुडी तिथं ठेवतात आणि ज्याच्याकडं पैसे नसतील तो ती उचलून नेतो. असो. मी पण तुझ्यासारखी भरकटायला लागले.

चौकशीच्या नावाखाली माधुरीला फार छळू नकोस. आशीर्वाद आहेतच, उत्तर अकरा दिवसांनी आलं तर परत मागेन.

रेबेका आत्या


पुणतांबा,
२७ फेब्रुवारी २०२३

ती. आत्यास,
सा. सलाम वि. वि.

या वेळी उशीर माझा नाही. तुझं पत्र पोस्टमननं गाडीमालकाला दिलं, त्यानं ते हिशोबाच्या वहीत ठेवलं. हॅमर परवा निघाला. वरती आला तेव्हा सगळ्या वस्तीनं टाळ्या वाजवल्या.

आता नीट लिहितो, कुठं वळत नाही.

काल दुपारी म्हातारी स्वतः भाकरी टाकत होती. मी चुलीपुढं बसलो आणि तू सांगितलंस तेवढंच विचारलं. ती सहज म्हणाली, कडबा तोडताना कुऱ्हाड बसली, बाजूलाच पडला अंगठा, मी चौदा वर्षांची होते, म्हणजे छप्पन साल. मिशनच्या दवाखान्यात टाके घातले. आईला लाज वाटायची म्हणून हात पदराखाली असायचा. तुला कशाला पाहिजे रे मेल्या?

मग मी तू सांगितलेलं मोडलं. सांगून टाकलं, की एकसष्टच्या कागदावर डाव्या हाताचा अंगठा आहे.

आत्या, ती कितीतरी वेळ स्वतःच्या अंगठ्याकडं बघत बसली. तव्यावरची भाकरी जळाली तरी तिला कळलं नाही. माधुरीनं येऊन ती काढली. मग हळू आवाजात बोलली, मी तिचा हळू आवाज पहिल्यांदा ऐकला. तो कागद मायलेकींना कुणी कधी दाखवलाच नव्हता. नुसती आवई उठली, की भागूबाईनं बायांची जागा गुपचूप विकली. लोक काय, बोलतच होते. पण एकदा हिनंही विचारलं, आई, खरं सांग, विकलीस का? आईनं पिठाचा हात धुतला आणि बाहेर जाऊन बसली. हिचं लग्न पुणतांब्याला झालं. तीन वर्षांनी आई गेली, तोवर पुन्हा तो विषय दोघींत निघाला नाही. नगरचं पाणी सोडलं ते नगरवर रागावून नाही गं, स्वतःवर रागावून. आपण सगळे उलटं समजत होतो.

मी म्हटलं, आजी, चला नगरला, साहेबांपुढं एवढंच सांगा. तर म्हणाली, मी न्हाई येणार. तिच्या पोटची असून मी विचारलं, आता त्या बायांपुढं कोणत्या तोंडानं उभी राहू?

खिशात तुझं पत्र होतं. तुझं अक्षर तरी तिला दाखवावं म्हणून मधूनच वाचायला लागलो. शालीवर ती हसली. पुढं रेश्माच्या टोपल्या, बुंध्याजवळची मोकळी जागा आणि पहिली जुडी एवढं आलं. तिथं तिनं मला थांबवलं आणि तेवढंच परत वाचायला लावलं. तीनदा वाचलं. मग पिठाची काठवट घेऊन आत गेली आणि दार लोटून घेतलं. संध्याकाळपर्यंत बाहेर आली नाही. माधुरी म्हणाली, आता चार दिवस बोलणार नाही.

म्हणजे मी काम बिघडवलं. उद्या आमची गाडी भंडारदऱ्याकडं निघते. माधुरीनं वाटेत खायला चार भाकरी बांधून दिल्यात, आणि पुढच्या वेळी अंगठा दुमडून यायला सांगितलंय. याचा अर्थ काय होतो ते तू चौकशी करून कळव.

चुकलं ते पोटात घाल, आणि पत्ता बदलला तरी माया त्याच पत्त्यावर ठेव.

तुझा,
जस्टिन


केडगाव, नगर,
१० मार्च २०२३, सकाळी

चि. जस्टिन यास,
अ. आ.

तिकडं भंडारदऱ्याजवळ शेंडीच्या पोस्टात हे पत्र पडून राहिलं तरी चालेल, पण आज लिहिल्याशिवाय चैन पडत नाही.

ग्रेसबाईंच्या पलंगाखाली नोंद सापडली. भागूबाई, केडगाव, डावा अंगठा, १९५६. त्या दिवशी मी दोन वाट्या शेवयांची खीर खाल्ली. पण परवा रविराजशेठचे वकील कागद बघून हसले. केडगावात तेव्हा भागूबाई नावाच्या पाच-सहा बाया असतील, म्हणाले, यातली नेमकी कोणती, हे सांगणारं जिवंत माणूस आणा. बरोबरच बोलले. मी त्यांच्या जागी असते तर हेच म्हटलं असतं. आठ तारखेची शाल त्यांनी दुसऱ्या कुणाला तरी घातली.

तू काम बिघडवलंस असं मी म्हणणार नाही. बासष्ट वर्षांनी एका लेकीला कळलं, की आई खरी होती. सुनावणीत काय व्हायचं ते होवो, ही चौकशी माझ्यापुरती पूर्ण झाली. तू सरळ रस्त्यानं गेला असतास तर भाकरीकडं बघितलंच नसतंस. हे मी पुन्हा कधी म्हणणार नाही, तेव्हा हे पत्र जपून ठेव.

माधुरीबद्दलची चौकशी मी फुकट करत नाही. तरी एवढं सांगते, की जी बाई रस्त्यासाठी भाकरी बांधून देते ती परत येण्याची वाट बघते. बाकी तुझं तू

जस्टिन, इथं पेन ठेवून दाराशी जाऊन आले. बाहेर टेम्पो उभा आहे. माधुरी खाली उतरलीय, आणि तिच्या हाताला धरून एक म्हातारी, डोक्यावर पदर, काखेत काठवट. रेश्मा आणि सगळ्या बाया टोपल्या टाकून पळत आल्यात. साहेबांपुढं भाकरी करून दाखवते म्हणते, पीठ घरचंच आणलंय. मी बघितलं, कॅन कुठं दिसत नाही. बस म्हटलं तर बसेना. उंबऱ्यातच उभी राहिली आणि म्हणाली, लई लांबनं आले बाई, आधी तांब्याभर पाणी दे.