डाव्या दारावरचा हात

१२ फेब्रुवारी २००१, सोमवार

आदरणीय पद्मावती बाई,

प्रारंभीच क्षमा मागते. ज्यांनी मला शाळेत ऱ्हस्व-दीर्घ शिकवले, त्यांनी दिलेल्या कोऱ्या वहीत माझ्यासारखीने आपले किरकोळ दिवस नोंदवावेत, हे धाडसच आहे. परंतु निरोप देताना तुम्ही सांगितले होते की रोज जमेल तेवढे लिहावे आणि वही भरली की दाखवावी. त्या आज्ञेच्या आधारावर लिहिते. चुका पोटात घालाव्यात.

आज कबनूरहून कोल्हापुरात आले. माझ्या वडिलांनी, दादांनी, यंत्रमागावरची सकाळची पाळी सोडून मला बसपर्यंत पोचवले आणि गाडी हलेपर्यंत खिडकीखाली उभे राहिले. परीक्षेत पहिली आल्याचा आनंद मला ठाऊक होता. नोकरीवर रुजू होण्याचा आनंद त्याहून वेगळा असतो, हे आज कळले.

माझे मालक गणपतराव यांचा उद्यमनगरात ओतकामाचा कारखाना आहे. शेजारच्या शेडमध्ये त्यांनी एक विलायती गाडी पूर्ण खोलून ठेवली आहे. १९५४ सालची, दोनच आसनांची, उघड्या टपाची, शर्यतीच्या घाटाची. इंजिनाचे निकामी भाग त्यांनी वर्षभरात आपल्याच भट्टीत नव्याने ओतून घेतले. आता पत्रा आणि रंग उरला आहे. गुढीपाडव्याला ती रस्त्यावर यायची आहे. माझे काम तिचा इतिहास लिहिण्याचे : कोणी घेतली, कोणाला विकली, केव्हा नवी केली. मुंबईत जुन्या गाड्यांचा मेळावा भरतो, तिथे असे बाड दाखवावे लागते म्हणे. माझे अक्षर पाहून गणपतराव म्हणाले की अक्षता, ही गाडीची जन्मकुंडली आहे, छापील नको, हातचीच पाहिजे.

राजारामपुरीत एक खोली मिळाली आहे. खिडकीखालून क्लासला जाणाऱ्या मुलींचे घोळके जातात. फार आनंदात आहे.

१५ फेब्रुवारी, गुरुवार

शेडमध्ये माझे स्वागत झाले नाही, हे नोंदवणे भाग आहे. पत्रा आणि रंग ज्ञानू मिस्त्रींकडे आहे. साठी ओलांडलेले गृहस्थ. मी नमस्कार केला तेव्हा मान वर न करता त्यांनी विचारले की पावणं कुठलं, आणि गावापाठोपाठ आडनावही काढून घेतले. दुपारपासून माझा चहाचा पेला खिडकीत वेगळा ठेवलेला आहे. आजोबांनी छप्पन्न साली घरातला देव्हारा उतरवला. अशा पेल्यांकडे पाहून न पाहिल्यासारखे करणे आम्हांला तेव्हापासून वारशाने आले आहे. मी चहा घेत नाही, असे सांगून टाकले.

गाडी मात्र मला पुस्तकासारखी वाटली. मिस्त्री पाण्यात भिजवलेल्या घासकागदाने रंग काढतात. वरचा लाल निघाला की खाली मलईचा, त्याखाली बाटलीहिरवा, सर्वांत खाली काळा. नोंदणीपुस्तकात गणपतरावांच्या आधी चार मालक आहेत आणि रंगही चार. प्रत्येकाने गाडी घेतल्यावर ती खोलून नवी करून घेतली होती. एक थर, एक मालक. इतिहास उलट्या दिशेने वाचायचा, एवढेच.

गणपतरावांची नऊ वर्षांची मुलगी सोनम शाळा सुटली की माझ्या टेबलापाशी येते. माझ्याजवळ बसू नये म्हणून तिला दोनदा हटकले. ती तिसऱ्यांदा आली. तिला तिचे नाव माझ्या अक्षरात हवे होते. मी सात वेळा लिहून दिले.

२१ फेब्रुवारी, बुधवार

गणपतरावांच्या आधीचे मालक राजारामपुरीतच राहतात. निवृत्त डॉक्टर आहेत. १९८६ साली त्यांनी गाडी घेतली, लाल रंग दिला आणि तीन महिन्यांत भंगारात विकून टाकली. मी दारात उभी राहून गाडीचा विषय काढताच ते म्हणाले की आमच्याकडे अशी गाडी कधीच नव्हती. मी त्यांची सही दाखवली. त्यांनी कागद माझ्या हातातून ओढून चुरगाळला आणि पुन्हा या गल्लीत दिसलीस तर कुत्रं अंगावर सोडीन, असे बजावले. शेजारच्या दोन गॅलऱ्यांतून लोक पाहत होते. मला रडू आले नाही, पण रस्ता चुकले.

आत भिंतीवर बारा-तेरा वर्षांच्या शाळकरी मुलीचे छायाचित्र होते, खाली १९८६ साल. हार नव्हता. म्हणजे ती हयात असावी. परंतु आज सत्तावीस-अठ्ठावीस वर्षांची असेल अशा मुलीचा मागमूस त्या घरात नव्हता.

२ मार्च, शुक्रवार

मिस्त्रींनी सगळी गाडी घासली, डावे दार मात्र ठेवले. गणपतरावांनी सर्वांदेखत विचारले की ह्या दाराला काय सासरी पाठवायचंय का, तेव्हा आज ते घासायला घेतले.

दाराच्या आतल्या अंगाला, बसणाऱ्याच्या खांद्याजवळ, लाल रंगात हाताचा पंजा होता. मला आधी कौतुक वाटले. नव्या वस्तूवर हळदीचा हात उमटवतात, तसे काही असेल. मग बोट फिरवले. ओल्या रंगावर कोणी हात दाबला तर ठसा खोल जाईल. हा वर आलेला होता. पत्र्याच्या जाडीतून कोणी बाहेर ढकलल्यासारखा.

लाल निघाला, तर मलईच्या थरात दुसरा पंजा, जरा मोठा. हिरव्यात तिसरा. काळ्यात चौथा, त्याच्या मनगटावर बांगड्यांच्या रेघा. मिस्त्रींनी लाकडी हातोडीने पत्रा ठोकून सपाट केला. मी विचारले तर म्हणाले, लिव्हण्याजोगं काय न्हाय त्यात.

जेवणाच्या सुट्टीनंतर पत्रा पुन्हा वर आला होता.

८ मार्च, गुरुवार

पन्हाळ्याला गेले होते. हिरव्या रंगाचे मालक वारले. त्यांच्या पत्नी झुंबरबाई तहसील कचेरीच्या मागे राहतात. त्यांनीही प्रथम दार लावले. मी पायरीवर बसून राहिले. तासाभराने त्यांनी कडी काढली आणि विचारले की तुला आई हाय का. मी हो म्हटले. मग बोलल्या.

१९६८ चा पाडवा. रंग वाळला नव्हता तेव्हाच दारावर हात उमटला. घरातले म्हणाले लक्ष्मीचा हात. म्हणून पहिल्या फेरीला घरची लेक शेजारी बसवायची ठरली. हौसा, वय चौदा. वडील गाडी चालवत होते. घाटात तिसऱ्या वळणावर त्यांनी डावीकडे पाहिले तर आसन रिकामे. दार बंद, कडी लागलेली. गाडी कुठं थांबलीच न्हवती की, असे झुंबरबाई तीनदा म्हणाल्या.

दिवस मावळेपर्यंत दरीत शोधले. घरी आल्यावर दिराने सल्ला दिला : पोरगी पळून गेली म्हणून सांगा, गाडीतनं नाहीशी झाली म्हटलं तर बापानंच मारली म्हणतील, आणि मागच्या दोघींना कोण करून घेणार? तसे सांगितले. चौकशी तिथेच मिटली. गाडी विकली.

झुंबरबाईंचे वाक्य जसेच्या तसे लिहिते : "पळून गेली म्हटलं की लोक हसत्यात, पण इचारत न्हाईत."

१३ मार्च, मंगळवार

पाच दिवस जुन्या शाळांची हजेरीपुस्तके पाहिली. कारकुनांनी टाळले, एकाने हाकलले. तरी सापडले. काळ्या गाडीची बया, वय सोळा, १९५५. हिरवीची हौसा. मलईची शालन, वय पंधरा, १९७७. लाल गाडीची ऐश्वर्या, डॉक्टरांची एकुलती, वय बारा. चौघींच्या नावापुढे पाडव्याच्या दुसऱ्या दिवसापासून गैरहजर, मग नाव कमी. कारण विचारले की प्रत्येक शाळेत तेच उत्तर, त्याच हसण्यासह : पळून गेली.

मी इतिहासाच्या बाडात मालकांच्या नावांशेजारी नवा रकाना आखला आणि चार नावे लिहिली. गणपतरावांनी ते पान माझ्यासमोर फाडले. म्हणाले, मालकांची यादी सांगितली हुती, पळपुट्या पोरींची न्हाय. शेडमधले सगळे हसले. मिस्त्री हसले नाहीत.

म्हणून ती नावे या वहीत आहेत.

१९ मार्च, सोमवार

पत्रा उघडा केला, घासला, अस्तर दिले. आज गडद निळा रंग. डावे दार काचेसारखे सपाट आहे. मी स्वतः हात फिरवून पाहिला, तेव्हा गणपतराव ओरडले की हात लावू नकोस.

मिस्त्री माझ्याकडे न पाहता बोलले. लाल रंग त्यांनीच दिला होता. हात दिसला होता. त्यावर पुट्टी मारली, पुन्हा रंग फिरवला आणि गप्प बसले, कारण पोटाचा प्रश्न होता. पाडव्याला ऐश्वर्या हसत हसत बसली, हे त्यांनी पाहिले आहे. मी विचारले की आता का बोलता. म्हणाले, बोललो कुठं. तू जा गावाकडं, एवढंच सांगतोय.

मी जाणार होते. खरोखर जाणार होते.

२३ मार्च, शुक्रवार

उमटला.

लहान आहे. फार लहान. गणपतरावांनी पेढे वाटले. लक्ष्मी आली म्हणाले. सोनमने खेळता खेळता त्यावर आपला हात ठेवला. बोटाला बोट लागले. ती मला म्हणाली, बघ ताई, माझाच हाय.

पाडव्याला नऊच्या मुहूर्तावर तीच बसणार.

मी सगळे सांगितले. झुंबरबाई, हजेरीपुस्तके, तारखा. एवढे मोठ्याने मी आयुष्यात बोललेले नाही. गणपतराव म्हणाले, तुमच्यात कुठं असतंय लक्ष्मी-बिक्ष्मी, तुला काय कळतंय त्यातलं. त्यांच्या पत्नी म्हणाल्या की ही माझ्या पोरीच्या वाईटावर आहे, डोळ्यांतच दिसतंय. पाडव्यानंतर कामावर यायचे नाही.

सोनमला सांगितले, बसू नकोस. ती रडली, आईने मला पायरीवरून ढकलले. गुडघा फुटला आहे.

२५ मार्च, रविवार

शेडमध्ये कोणी नव्हते. हॉर्न वाजला. बॅटरी अजून जोडलेली नाही — मी इंजिनावरचे टोपण उघडून पाहिले — तारा सुट्या.

डावे दार उघडे होते. लावले. टेबलापाशी येईपर्यंत पुन्हा उघडे. आतून गरम वास, भट्टीचा नव्हे. शाळेतल्या दमट खोलीसारखा. पुष्कळ जणी एका खोलीत कोंडल्यासारखा.

मिस्त्रींना विनवले : मोडून टाका. म्हणाले, मोडली हुती की — चारदा खोलली — परत उभी राहतीया.

मग विचारले — पहिल्या फेरीला दुसरी कोणी बसली तर?

त्यांनी सांगितले : पूजेआधी गाडी एकदा फिरवून बघावी लागते, ती ते फिरवणार. नंतर म्हणाले, तू बसलीस तर शेठ मला सोडणार न्हाय, सीट बाटवली म्हणंल. आणि उठताना : साडेआठला ये. मागच्या दारानं.

दादांना पत्र लिहायला घेतले. काय लिहू —

२६ मार्च, सोमवार, पाडवा

मिस्त्री आले आहेत. बॅटरी जोडली. पूजेची माणसे समोरच्या अंगणात. सोनम नवा परकर नेसून फिरते आहे, केसांत गजरा. मला पाहून हात हलवला — आईने खाली ओढला.

दार पाहून आले. पंजा आता लहान नाही. रात्रीत वाढला. मधल्या बोटाच्या पेरावर एक टणक उंचवटा — लेखणीचा घट्टा पडतो तिथे. मी मोजून पाहिले नाही. गरज नव्हती.

म्हणजे गाडीला माझाही हात चालतो. सोनम सुटली, असे धरते — धरावेच लागते.

कचेरीत फॅक्स आहे. तुमचे बंधू अरिहंत यांच्या सूतपेढीचा क्रमांक मला पाठ आहे. पाने फाडून एकेक घालते आहे, हे शेवटचे यंत्रात सरकत असतानाच लिहिते आहे. अक्षर बिघडले आहे, बाई, क्षमा —

चारही नावे कुठेतरी लिहून ठेवा. बया. हौसा. शालन. ऐश्वर्या. एकही पळाली नव्हती.

हॉर्न. मिस्त्री बाहेर उभे आहेत, गाडीत नाहीत — तरी हॉर्न —

दादा मला शोधायला येतील. हे लोक त्यांना सांगतील की तुमची पोरगी कोणाचा तरी हात धरून — दादा मान खाली घालतील, परत जातील, कोणाला विचारणार नाहीत — तुम्ही त्यांना गाठा, आजच गाठा — त्यांना एवढेच सांगा की अक्षता पळून

(फॅक्सच्या कागदावर छापलेली वेळ) सोमवार, २६ मार्च २००१, सकाळी ८ वाजून २९ मिनिटे