आईला शनी दाखवण्याची पूर्वतयारी

५ नोव्हेंबर
आईला डोळ्यांच्या डॉक्टरांकडे नेलं. डावा डोळा गेलेलाच. उजव्याचाही पडदा झिजतोय. डॉक्टर म्हणाले, थांबवता येणार नाही, जे पाहायचंय ते पाहून घ्या. परतताना आई म्हणाली, "तुझ्या दुर्बिणीतून शनीची कडी बघायची राहिलीच. दाखव एकदा." याच आठवड्यात दाखवणार. नक्की.

६ नोव्हेंबर
बटण दाबलं की दुर्बिणीचा मोटरवाला स्टँड, म्हणजे माऊंट, शनीकडे वळतो, पण जवळपास थांबतो. बोटभर हाताने सरकवावं लागतं. आणि हात लागला की आपण कुठे आहोत हेच तो विसरतो. बायको म्हणाली, "मग बोटभर सरकवा आणि आईंना बोलवा." हिला अचूकता कशाशी खातात ते माहीत नाही. आईला शनी दाखवायचा तो शास्त्रशुद्ध. दोन्ही अक्षांवर एन्कोडर, म्हणजे फिरणं मोजणाऱ्या चकत्या, बसवणार. मग कितीही ढकला, दुर्बिणीला आपला पत्ता ठाऊक. ऑर्डर दिली. एका रविवारचं काम.

१४ नोव्हेंबर
पार्सल आलं. दोन चकत्या, वायरी, सूचनांचा कागद. सूचना नवशिक्यांसाठी असतात. आई शाल घेऊन तयार बसली होती. सांगितलं, आज फक्त उघडतोय.

१५ नोव्हेंबर, सकाळ
माऊंट सगळा सुटा केला. जेवणाच्या टेबलावर. फोटो काढत बसलो नाही. स्मरणशक्ती उत्तम आहे.

१५ नोव्हेंबर, संध्याकाळ
फोटो काढायला हवे होते.

२२ नोव्हेंबर
चकतीचं भोक मोठं, माऊंटचा दांडा बारीक. केसभराचा फरक. मधे बसवायला रिंग करायची म्हणून लेथवाल्याकडे गेलो. म्हणाला, उद्या देतो. आम्ही सध्या जमिनीवर बसून जेवतो. आईचे गुडघे दुखतात, पण ती काही बोलत नाही. म्हणजे फार दुखत नसावेत.

३ डिसेंबर
लेथवाला शब्दाचा पक्का. रोज एकच शब्द देतो. उद्या.

१२ डिसेंबर
रिंग मिळाली. बसली! सगळं जोडून झाल्यावर एक स्क्रू उरला. कंपन्या हल्ली जास्तीचे देतात.
आईने पेपरचे मथळे माझ्याकडून वाचून घेतले. म्हणाली, "छपाई किती वाईट झालीय रे हल्ली." मी हो म्हणालो. कामाला वेग द्यायला हवा.

२० डिसेंबर
पहिली चाचणी. उत्तम झाली असती. एन्कोडर उलटं मोजतोय. डावीकडे पाठवलं की माऊंट उजवीकडे जातो, चूक लक्षात आली की आणखी जोरात उजवीकडे. गरगर फिरून दुर्बिणीने माझा चष्मा उडवला. बायको म्हणाली, "लोकांच्या मागे शनी लागतो, तुम्ही शनीच्या मागे लागलात." दुर्लक्ष केलं. आई म्हणाली, "मला अजून थोडं दिसतंय. सावकाश कर." हे प्रोत्साहन समजून झोपलो. झोप लागली नाही.

२८ डिसेंबर
वायर उलटी जोडली. आता कुठल्याच बाजूला जात नाही. ही प्रगतीच. निदान इजा होत नाही.

३१ डिसेंबर
संकल्प: हट्ट सोडायचा. एन्कोडर काढून माऊंट होता तसा करायचा.

१ जानेवारी
होता तसा होत नाही.

९ जानेवारी
चालू झाला! कसा, ते विचारू नये. रिमोटच्या पडद्यावर आकडे दशांशासकट. शनी आता पश्चिमेला पार खाली उतरलाय, पण आपल्याला एक संध्याकाळ पुरे. बायकोला म्हणालो, बघ. ती म्हणाली, "आईंना बघू दे."

१० जानेवारी
आईला हात धरून गच्चीवर नेलं. दर पायरीला ती पायाने चाचपत होती. बटण दाबलं. माऊंट वळला, थांबला. पडद्यावर: शनी, चूक शून्य.
आईने डोळा लावला. मग म्हणाली, "गोल आहे. आणि भोवती कडी! अगंबाई, खरंच कडी आहे रे."
मी डोळा लावला. लांबच्या इमारतीवरची पाण्याची टाकी. गोल झाकण, झाकणाला काठ, वर दिवा.
खरा शनी डावीकडे, नुसत्या डोळ्यांना दिसत होता. दुर्बीण हाताने तिकडे ओढली. एन्कोडरने ओळखलं की कुणीतरी ढकललंय, आणि तिला अचूक टाकीवर परत आणलं. पुन्हा ओढली. पुन्हा टाकी. प्लग उपटला, तर आहे तिथेच जाम. तेवढ्यात शनी इमारतींमागे गेला.
आईने पदराने डोळा पुसला. "सांग ना रे, हाच ना शनी?"
बायको माझ्याकडे बघत होती.
म्हणालो, "हाच."
"मग सरक बाजूला," आई म्हणाली, "आणखी एकदा बघू दे."