बेटावरची चितळं

अंदमान, वनचौकी
ता. १०-११-८४

ती. बाईस श्रावणचा सप्रेम जयभीम, वि. वि.

तुझं पत्र बावीस दिवसांनी मिळालं. बोटीला दोष देऊ नकोस, उशिरा टाकलंस हे शिक्क्यावरून कळतं.

इथे सगळं आहे, फक्त आपलं काही नाही. झाडं वेगळी, पाखरं वेगळी. पण काल समोरच्या बेटावरून दोन चितळं पोहत आली! मी वाळूत बसून रडलो, खोटं कशाला सांगू? आपल्या सावली गावाहून कुणी भेटायला आल्यासारखं वाटलं. मादी गाभण आहे. साहेबांना कळवलेलं नाही. ते म्हणतात, चितळ या बेटांवर बाहेरचं, इंग्रजांनी आणून सोडलेलं. बाबांना मात्र सांग.

आठवण असू दे.
तुझा श्रावण

सावली, जि. चंद्रपूर
ता. २-२-८५

चि. श्रावणास अनेक आशीर्वाद.

बाबांना पत्र तीनदा वाचून दाखवलं. तीस वर्षं वनरक्षक होते, पण चितळ म्हटलं की अजून उठून बसतात. म्हणाले, त्याले लिही, मीठ ठेवत जाजो, पोरासारखं जपजो म्हणा.

यंदा धान चांगलं झालं. तुझ्या वाटणीचे पोहे मुलांनीच संपवले. चितळीण बाळंत होईल, तुझं लग्न कधी रे?

माया आहेच, वाढू दे.
तुझी बहीण वच्छला

अंदमान
ता. २०-१२-८५

ती. बाईस सप्रेम जयभीम.

मागून आणखी पोहत आली, पिल्लंही झाली. आता नऊ आहेत. इथे एक रानकबूतर आहे, या बेटांखेरीज जगात कुठेच नाही. ते ज्या झाडांची फळं खातं, ती मोठी झाडं उभी आहेत, पण खाली एक रोप उरलेलं नाही. चितळांनी सगळं खुडलं. राखणदार मी, आणि चोरांना मीठ घालणाराही मीच.

साहेबांना सांगायला हवं. सांगितलं तर आरोळ्या देत चितळं जाळ्याकडे पिटाळायची, हाका मलाच घालावा लागेल, इथे दुसऱ्या कुणाला येत नाही. बाबांना विचार. नको म्हणाले तर गप्प बसेन.

श्रावण

सावली
ता. १८-१-८६

चि. श्रावणास आशीर्वाद.

बाबांना पत्र सकाळीच वाचून दाखवलं. लहानपणी त्यांना वेठीला धरून साहेबलोकांच्या शिकारीत हाका घालायला लावायचे, हे तुला ठाऊक आहे. संध्याकाळी म्हणाले, चितळाले इथी लय रान हाय, त्या पाखराले दुसरं कुठी हाय? हाका घाल म्हणा, पण हळू. अन् एकबी मरू देऊ नोको.

मलाही वाईट वाटलं रे. जीवाला जप.
वच्छला

अंदमान
ता. ९-३-८६

ती. बाईस सप्रेम जयभीम.

हाका घातला. बाबांनी सांगितल्यासारखा, हळू. आठ चितळं जाळ्यात धरून मोठ्या बेटावर नेऊन सोडली.

पहिली मादी गेली. बाकीची माझ्या आरोळीने पळाली, ती मात्र आवाज ओळखून माझ्याकडेच आली. मिठाची वेळ झाली असं वाटलं असेल तिला. माझ्याच हातात जाळ्यात थरथरून संपली.

बाबांनी विचारलं तर नऊच्या नऊ सुखरूप पोचली म्हणून सांग. एवढं माझ्यासाठी कर, बाई.

तुझा
श्रावण